हायवेच्या पुलावर वर्षभर उभं राहून या फोटोग्राफरने फक्त पिकअपचेच फोटो का काढले?

संध्याकाळी सात-साडेसातला इन्स्टाग्राम उघडा. कुणाच्या ना कुणाच्या स्टोरीत तो फोटो हमखास सापडतो. समोर गाड्यांच्या लाल दिव्यांची न संपणारी रांग, काचेवर पावसाचे चार थेंब आणि खाली दोनच शब्द, "परत ट्रॅफिक". आपण बघतो, हसतो, पुढे सरकतो. चोवीस तासांत फोटो गायब होतो, ट्रॅफिक मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच असतं.

पण याच कंटाळवाण्या प्रवासाचे फोटो काही लोकांनी वर्षानुवर्षं, अगदी नेमाने काढले. त्या फोटोंची पुस्तकं झाली, प्रदर्शनं भरली. त्यातला एक म्हणजे मेक्सिकोतला फोटोग्राफर अलेहांद्रो कार्ताहेना. हा माणूस २०११-१२ मध्ये साधारण वर्षभर, आठवड्यातून तीन सकाळी, मॉन्तेर्रेई शहरातल्या हायवेवरच्या पुलावर जाऊन उभा राहायचा. खालून शेकडो गाड्या जायच्या. तो मात्र फक्त पिकअपची वाट बघायचा. पिकअप बरोबर पायाखाली आली की क्लिक.

त्याला त्या पिकअपमध्ये असं काय दिसत होतं? आणि रोज दिसणाऱ्या ट्रॅफिकच्या फोटोतून एखाद्या शहराबद्दल एवढं काय कळू शकतं? समजून घेऊया.

सगळ्यात आधी, फ्रीवे म्हणजे काय?

फ्रीवे म्हणजे टोल न लागणारा रस्ता, असं अनेकांना वाटतं. पण या शब्दातलं 'फ्री' हे पैशांबद्दल नाही, अडथळ्यांबद्दल आहे. ज्या रस्त्यावर सिग्नल नाही, चौक नाही, मध्येच आडवा येणारा रस्ता नाही, आणि आत-बाहेर जायचं तर ठरलेल्या रॅम्पवरूनच, तो फ्रीवे. मुंबईतल्या ईस्टर्न फ्रीवेला मराठीत 'पूर्व मुक्त मार्ग' म्हणतात, ते म्हणूनच.

या प्रकारच्या रस्त्यांची जगातली सगळ्यात गाजलेली नगरी म्हणजे अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. तिथला अरोयो सेको पार्कवे ३० डिसेंबर १९४० रोजी सुरू झाला. अमेरिकेच्या पश्चिम भागातला तो पहिला फ्रीवे मानला जातो. त्यानंतर तिथे एकामागून एक फ्रीवे होत गेले आणि शहर त्यांच्या कडेने पसरत गेलं. घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला आणि मधला वेळ गाडीत, हे तिथलं रोजचं आयुष्य झालं.

हा मधला वेळ किती? अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २०१९ च्या पाहणीनुसार तिथल्या कामगारांना कामावर जायला सरासरी २७.६ मिनिटं लागत होती. जाऊन-येऊन धरले तर दिवसाला सुमारे ५५ मिनिटं. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरा, हिशेब होतो २३० तास. म्हणजे वर्षातले साडेनऊ पूर्ण दिवस, रात्रीसकट, फक्त ये-जा. आणि त्याच पाहणीनुसार सुमारे ७६ टक्के लोक हा प्रवास गाडीत एकटेच करत होते.

एवढा मोठा वेळ, आणि त्याचा फोटो मात्र कुणाच्याच अल्बममध्ये नसतो. वाढदिवसाचा असतो, सहलीचा असतो. रोजच्या ये-जा करण्याचा नसतो. फोटोग्राफरांना खुणावलं ते हेच.

चौकातल्या काचेपलीकडची माणसं

१९७० मध्ये कॉलेजवयातला माइक मॅन्डेल लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात एका चौकात कॅमेरा घेऊन उभा राहिला. तो फ्रीवे नव्हता, साधा चौक होता. वळण घ्यायला गाड्या हळू व्हायच्या आणि मॅन्डेल जवळ जाऊन खिडकीतल्या माणसांचा फोटो काढायचा. कुणी हसलं, कुणी चक्रावलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. ही मालिका 'पीपल इन कार्स' या नावाने ओळखली जाते. तिचं स्वतंत्र पुस्तक मात्र जवळपास अर्ध्या शतकाने, २०१७ मध्ये आलं.

मॅन्डेलच्या फोटोत माणसांना कळतंय की आपला फोटो निघतोय. सिग्नलला हे जमतं. पण शंभरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाचा फोटो कसा काढायचा?

त्याच वेगाने शेजारून धावणारा कॅमेरा

याचं उत्तर अँड्र्यू बुश या फोटोग्राफरने शोधलं. १९८९ पासून १९९७ पर्यंत त्याने लॉस एंजेलिस आणि आसपासच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांचे फोटो काढले. त्याने आपल्याच गाडीत, चालकाच्या शेजारच्या बाजूला मोठ्या फिल्मचा कॅमेरा पक्का बसवला आणि जोडीला फ्लॅश लावला. मग शेजारच्या लेनमधल्या गाडीच्या बरोबरीने तो गाडी चालवायचा.

यातलं गणित शाळेतलंच आहे. दोन गाड्या एकाच दिशेने, एकाच वेगाने धावत असतील तर त्यांचा एकमेकींच्या तुलनेत वेग शून्य. म्हणून फोटोत मागची झाडं आणि रस्ता ओढल्यासारखे पुसट, पण शेजारच्या गाडीतला माणूस मात्र स्टुडिओत बसल्यासारखा स्पष्ट. मालिकेचं नाव 'व्हेक्टर पोर्ट्रेट्स' ठेवलं तेही यावरूनच. भौतिकशास्त्रात जिला किती आणि कुठल्या दिशेने, असे दोन्ही गुण असतात ती राशी म्हणजे व्हेक्टर, आपल्या पाठ्यपुस्तकातली सदिश राशी.

बुशने फोटोंना दिलेली शीर्षकंही तशीच. माणसाचं नाव नाही. कोण, साधारण किती वेगाने, कुठल्या दिशेला, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, एवढंच. एखाद्या पोलीस अहवालासारखं. २००८ मध्ये 'ड्राइव्ह' या नावाने हे फोटो पुस्तकरूपात आले.

या फोटोंत पुन्हा पुन्हा दिसते ती एकच गोष्ट. माणसं गाडीत बसली की आपल्याला कुणी बघत नाहीये असं समजून वागतात. चारही बाजूंनी काच आहे, शेजारून हजारो लोक जातायत, पण चेहरा घरातल्यासारखा. कुणी तंद्रीत, कुणी थकलेलं. गाडी म्हणजे रस्त्यावर धावणारी खासगी खोली झाली आहे, आणि त्या खोलीत बहुतेक वेळा एकटाच माणूस आहे.

इथे एक इशारा आधीच देऊन ठेवतो. बुशचा हा प्रकार घरी करून बघायचा नाही. का, ते पुढे येईलच.

गाड्याच नसलेला फ्रीवे

त्याच शहरात कॅथरीन ओपी या फोटोग्राफरने १९९४-९५ मध्ये बरोबर उलटं केलं. तिच्या 'फ्रीवेज' मालिकेत माणूस नाही आणि गाडीही नाही. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी, रस्ते मोकळे असताना तिने फ्रीवेचे उड्डाणपूल आणि वळणं टिपली. कृष्णधवल, प्लॅटिनम प्रिंट आणि आकार अगदी छोटा, सुमारे ५.७ बाय १७ सेंटिमीटर. म्हणजे एवढा अजस्र काँक्रीटचा पूल बघायला तुम्हाला भिंतीजवळ जाऊन डोळे बारीक करावे लागतात.

एकोणिसाव्या शतकात प्रवाशांनी पिरॅमिडचे काढलेले फोटो आठवा. ओपीचे पूल तसे दिसतात. एखादी संस्कृती येऊन गेली आणि मागे हे अवशेष उरले, असे. रोज ज्याच्यावर आपण वैतागतो ते बांधकाम किती अवाढव्य आहे, हे गाड्या बाजूला काढल्याशिवाय दिसतच नाही.

म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये दोन गोष्टी दिसल्या. बुशने गाडीतला एकटा माणूस दाखवला, ओपीने त्याच्यासाठी उभारलेला रस्ता दाखवला. पण ज्याच्याकडे गाडीच नाही, तो या रस्त्यावरून कामाला कसा जातो? त्याचा फोटो अजून बाकी होता. त्यासाठी सीमा ओलांडून मेक्सिकोत जावं लागेल.

मॉन्तेर्रेईचा पूल

मॉन्तेर्रेई हे मेक्सिकोच्या उत्तरेकडचं मोठं औद्योगिक शहर, नुएवो लेओन राज्याची राजधानी. कारखाने, डोंगर आणि अमेरिकेची सीमा जवळ. याच महानगराचा एक भाग म्हणजे सान पेद्रो गार्सा गार्सिया, मेक्सिकोतल्या सगळ्यात श्रीमंत पालिकांपैकी एक. तिथे बंगले बांधले जातात, बागा राखल्या जातात, इमारती उभ्या राहतात. हे काम करणारी माणसं तिथे राहत नाहीत. ती राहतात शहराच्या पार कडेला आणि रोज पहाटे कामावर येतात.

कार्ताहेनाचा जन्म १९७७ चा, डॉमिनिकन रिपब्लिकमधला. लहानपणीच तो मॉन्तेर्रेईत आला. शहरात गाड्यांची गर्दी किती वाढली आहे, यावर काम करताना तो उंचावरून रस्ते टिपत होता, तेव्हा त्याचं लक्ष पिकअपच्या मागच्या हौद्याकडे गेलं.

रस्त्याच्या कडेने पाहिलं तर ती रिकामी पिकअप. फार तर सामान भरलेली. पण वरून पाहिलं तर हौद्यात माणसं. एक, दोन, कधी पाच-सहा. उताणी झोपलेली, कुशीवर वळलेली, एकमेकांना चिकटून, अंगावर गोधडी ओढलेली. उशाला सिमेंटची पोती, बाजूला फावडी, शिडी, पाइप, रंगाचे डबे. बांधकामावर आणि बागकामावर निघालेले मजूर.

झोपून का? एक तर पहाटेचा गार वारा लागतो. दुसरं, पहाटे उठलेल्या माणसाला तेवढीच झोप मिळते. आणि तिसरं कारण महत्त्वाचं. हौद्यातून अशी माणसं नेणं धोक्याचंही आहे आणि नियमाविरुद्धही. आडवं झालं की बाहेरून कुणाला दिसत नाही.

कार्ताहेनाने या मालिकेला नाव दिलं 'कारपूलर्स'. हे नाव साधं नाही. कारपूल म्हणजे एकाच गाडीतून अनेकांनी जाणं. अमेरिकेत त्यासाठी फ्रीवेवर वेगळी लेन असते, गाडीत ठरावीक संख्येने माणसं असतील तरच तिथून जाता येतं. इंधन वाचतं, प्रदूषण कमी होतं, म्हणून जागरूक नागरिकाचं ते लक्षण समजलं जातं. इथे पिकअपमधले मजूर नेमकं तेच करतायत. फरक एवढाच की हा त्यांनी निवडलेला पर्याय नाही. दुसरा परवडणारा पर्यायच नाही.

वरूनच फोटो का?

यात कॅमेऱ्याची जागा हीच खरी गंमत आहे. समोरून फोटो काढला तर काचेवर आकाशाचं प्रतिबिंब येतं आणि चालकच दिसतो. बाजूने काढला तर हौद्याचा पत्रा आड येतो. झोपलेली माणसं फक्त बरोबर डोक्यावरूनच दिसतात. म्हणजे ज्या कोनातून रस्त्यावरचा पोलीस, शेजारचा चालक किंवा बसमधला प्रवासी कधीच बघत नाही, तोच कोन कार्ताहेनाने निवडला.

दुसरी गोष्ट, चौकट बदलायची नाही. प्रत्येक फोटोत तीच उभी चौकट, तेच डांबर आणि मधोमध पिकअप. असे पन्नास फोटो शेजारी-शेजारी लावले की डोळा आपोआप फरक शोधायला लागतो. या गाडीत कोवळा पोरगा आहे. त्या गाडीत पांढऱ्या केसांचे गृहस्थ आहेत. इथे गोधडी आहे, तिथे फक्त पुठ्ठा. फोटोग्राफीत या पद्धतीला 'टायपॉलॉजी' म्हणतात. एकाच प्रकारची गोष्ट, एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा टिपायची. जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांचे असे फोटो दशकानुदशकं काढले आणि ही पद्धत जगभर पोहोचवली.

एका पिकअपचा फोटो म्हणजे किस्सा. "बघा बिचारे कसे चाललेत" एवढं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, आठवड्यामागून आठवडे काढलेले फोटो म्हणजे पुरावा. मग प्रश्न "हे असे का चाललेत" असा न राहता "या शहरात रोज एवढ्या लोकांना असं का जावं लागतं" असा होतो.

कार्ताहेना स्वतःही या माणसांसोबत हौद्यात बसून गेला. त्यांना काय दिसतं तेही त्याने टिपलं. आकाश, विजेच्या तारा, डोक्यावरून सरकणारे पूल. २०१४ मध्ये त्याने हे पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं.

मग ही माणसं एवढ्या लांब राहायला गेली का?

आता खरा मुद्दा. कार्ताहेनाने 'कारपूलर्स'च्या आधी 'सबर्बिया मेहिकाना' नावाची मालिका केली होती. तिचा विषय होता मॉन्तेर्रेईच्या कडेला उगवलेल्या नव्या वसाहती. एकसारखी, चिमुकली, पेटीसारखी घरं, रांगेने, डोंगराच्या पायथ्यापर्यंत.

मेक्सिकोत १९७२ मध्ये इन्फोनाविट ही संस्था स्थापन झाली. कामगारांच्या पगाराच्या हिशेबात मालकाने घरासाठी रक्कम भरायची आणि त्यातून कामगाराला गृहकर्ज मिळायचं, अशी तिची मूळ कल्पना. २००० नंतर बिसेंते फॉक्स यांच्या सरकारने गृहकर्जांवर मोठा जोर दिला. बिल्डरांनी लाखो घरं बांधली. पण घर स्वस्तात द्यायचं तर जमीन स्वस्त हवी, आणि स्वस्त जमीन शहरात मिळत नाही. म्हणून घरं शहरापासून दूर, जिथे बस नीट नाही, शाळा-दवाखाना लांब, नोकरी त्याहून लांब.

कागदावर सगळं छान होतं. इतक्या लाख कुटुंबांना हक्काचं घर. पण रोज कामावर जायला किती वेळ आणि किती पैसे लागतील, हा खर्च घराच्या किमतीत कुणी धरलाच नाही. तो कामगारानेच भरायचा होता. परिणाम काय झाला? २०१० च्या जनगणनेत मेक्सिकोत सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली, देशातल्या एकूण घरांच्या जवळपास १४ टक्के. त्यामागे स्थलांतर, हिंसाचार अशी इतरही कारणं होती. पण लांबच्या वसाहती आणि न परवडणारा प्रवास हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

पिकअपमध्ये झोपलेला माणूस हा या सगळ्या धोरणाचा शेवटचा टप्पा आहे. घर मिळालं, काम मिळालं, पण दोन्हींच्या मधलं अंतर कुणी भरलं नाही. ते तो हौद्यात आडवा पडून भरतोय.

पण न विचारता फोटो काढणं बरोबर आहे का?

हा प्रश्न पडायलाच हवा. झोपलेल्या माणसाची परवानगी कोण घेणार? आणि तो नियम मोडतोय, म्हणजे फोटोमुळे तोच अडचणीत येऊ शकतो.

हा पेच जुना आहे. वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटात लपवलेल्या कॅमेऱ्याने प्रवाशांचे फोटो काढले. पुस्तक मात्र १९६६ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी आलं. फिलिप-लोर्का डिकोर्सिया याने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये अनोळखी लोकांचे फोटो काढून प्रदर्शनात लावले, तेव्हा फोटोतल्या एका माणसाने त्याला कोर्टात खेचलं. २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे फोटो कला आहेत असं म्हणत दावा फेटाळला. कायदा फोटोग्राफरच्या बाजूने उभा राहिला, पण त्या माणसाला जे वाटलं ते खोटं ठरत नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण एखाद्याचा चेहरा टिपून त्याची टिंगल करणारा कॅप्शन टाकणं, ही वेगळी गोष्ट आहे.

तसं बघायला गेलं तर रोजच्या प्रवासात आपले फोटो सतत निघतच असतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून वाहतूक नियम मोडणाऱ्या गाड्या कॅमेऱ्याने टिपून ई-चलन पाठवलं जातं. त्या कॅमेऱ्याला नंबरप्लेट हवी असते, माणूस नाही. कार्ताहेनाच्या फोटोत बरोबर उलटं आहे. थेट डोक्यावरून काढलेल्या चौकटीत नंबरप्लेट सहसा येतच नाही. दिसतो तो माणूस. गाडी कुणाची, हे शोधता येत नाही आणि माणूस मात्र विसरता येत नाही. दंड आणि दखल यात हाच फरक आहे.

आपल्याकडे हे चित्र नवं आहे का?

मुळीच नाही. मजूर अड्ड्यावरून साइटवर निघालेला टेम्पो, कांद्याच्या शेतावर बायकांना नेणारी पिकअप, ऊसतोडीच्या हंगामात संसार लादून बीडकडून साखरपट्ट्याकडे निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर. मालवाहू गाडीतून माणसं नेण्यावर आपल्याकडेही कायद्याची बंधनं आहेत. तरीही गाड्या जातात, कारण जायचं तर असतंच. या माणसांची बातमी होते ती बहुतेक वेळा अपघात झाल्यावर. अपघात न झालेल्या सकाळींचा फोटो कुणी काढत नाही.

तुम्हालाही असे फोटो काढायचे असतील तर

पहिला नियम, आणि त्यावर वाटाघाट नाही. गाडी चालवत असाल तर फोटो नाही, रील नाही, स्टोरी नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं तर ४४ मीटर अंतर तुम्ही डोळे मिटून कापलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुशची पद्धत करून बघायची नाही ती म्हणूनच. एक्सप्रेसवेवर किंवा सागरी सेतूवर फोटोसाठी गाडी थांबवणं हेही तितकंच जिवावरचं.

मग कुठून काढायचे? पादचारी पुलावरून, एसटीच्या खिडकीतून, शेअर टॅक्सीत मागच्या सीटवरून. काही साध्या गोष्टी:

- जागा आणि वेळ ठरवा आणि ती बदलू नका. एका दिवसात शंभर फोटो काढण्यापेक्षा शंभर दिवसांत रोज एक फोटो जास्त सांगतो.
- धावती गाडी स्पष्ट हवी तर शटरचा वेग वाढवा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर सरकते, म्हणून फोटो पुसट येतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती दोन सेंटिमीटरही सरकत नाही. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये हे बदलता येतं.
- बसच्या काचेतून काढताना मोबाइल काचेला अगदी चिकटवून धरा. प्रतिबिंब कमी होतं.
- तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. बुशच्या शीर्षकांसारखं. पाच वर्षांनी फोटोइतकीच ही नोंदही मोलाची ठरते.
- पोस्ट करण्याआधी एकच प्रश्न विचारा. या फोटोतला माणूस मी असतो, तर मला हे आवडलं असतं का? उत्तर 'नाही' आलं तर चेहरा झाका किंवा फोटो स्वतःजवळच ठेवा.

आणि पुलावर उभे राहिलात तर फक्त लाल दिव्यांची रांग बघू नका. त्या रांगेत कोण एकटं चाललंय, कोण कोंबून चाललंय आणि कोण तुम्हाला दिसू नये म्हणून आडवं पडलंय, ते बघा. शहराचा नकाशा महापालिकेत मिळतो. पण त्या शहरात कोण कुठून किती लांबून येतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे सकाळी सातला पुलावरूनच दिसतं.